नांदूरघाटचा पहिला चीक

मे महिन्यात बीड जिल्ह्यात सुट्टी घालवायला सहसा कुणी जात नाही. मी गेले, त्याचं कारण सांगायला थोडं अवघड वाटतं. मला इम्युनॉलॉजीचा, म्हणजे रोगप्रतिकारशास्त्राचा, उन्हाळी प्राथमिक अभ्यासक्रम करायचा होता. पुण्यात असे दोन अभ्यासक्रम होते, पण दोन्हीकडे प्रवेशासाठी मुलाखत होती. केजच्या एका कॉलेजात मात्र फक्त अर्ज पाठवायचा होता. अनोळखी माणसांसमोर पाच मिनिटं बोलण्यापेक्षा अनोळखी गावात पंधरा दिवस राहणं मला सोपं वाटलं.

अर्जाच्या तळाशी एक ओळ होती, ती मी नीट वाचली नव्हती. 'अध्यापन मराठीतून होईल.' मी नाशिकची. घरात आम्ही मराठीच बोलतो. पण शाळा इंग्रजी, कॉलेज इंग्रजी, बी.एस्सी.ची दोन्ही वर्षं इंग्रजी. भाजीवाल्याशी मराठी आणि पेशींशी इंग्रजी, अशी माझी वाटणी लहानपणापासून झालेली. केजला उतरले तेव्हा ती मोडणार आहे हे मला माहीत नव्हतं.

केज

कॉलेज गावाबाहेर, तहसील कचेरीच्या पुढे. आम्ही अठरा जण होतो. त्यातले पंधरा आसपासच्या तालुक्यांतले. शिकवायला रोहिणी मॅडम होत्या. आधी पशुवैद्यक म्हणून त्यांनी याच भागात काही वर्षं काम केलं आणि नंतर या विषयात डॉक्टरेट केली. पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं, "आपल्याला एकदा गोवर होऊन गेला की परत का होत नाही?" उत्तर मला येत होतं. पण ते इंग्रजीत येत होतं. मी वहीत बघत राहिले.

त्याच दिवशी रक्ताची काचपट्टी करायची होती. कुणाचं तरी बोट टोचायला हवं होतं. बोलावं लागू नये म्हणून मी बोट पुढं केलं. मॅडमना ते धाडस वाटलं. अर्ध्या तासानं सूक्ष्मदर्शकात माझ्याच पांढऱ्या पेशी दिसल्या, जांभळ्या रंगात माखलेल्या, तीन-तीन पाकळ्यांच्या केंद्रकांच्या. रांगेतले सगळे एकेक करून माझ्या आत डोकावून गेले. अशी ओळख मला चालते.

हॉस्टेलमध्ये पाणी नव्हतं. टँकर दोन दिवसांआड यायचा, म्हणून बाहेरून आलेल्या आम्हा तिघींची सोय वर्गातल्या मुलींच्या नातेवाइकांकडे केली होती. मी अश्विनीच्या वाट्याला आले. अश्विनी दिंद्रुडची, तिथून रोज येणं तिला लांब पडतं, म्हणून ती नांदूरघाटला तिच्या मावशीकडे राहत होती. पहिल्या संध्याकाळी तिनं माझी बॅग उचलून जीपच्या टपावर टाकली आणि म्हणाली, "तू बोलू नको, मी बोलते. तू फक्त जेव."

ही व्यवस्था मला फार आवडली.

नांदूरघाट

गाव मोठं आहे. बाजार आहे, दवाखाना आहे, मोबाइलची दुकानं आहेत. अश्विनीच्या मावशीचं घर गावाच्या कडेला, जिथून माळ सुरू होतो तिथं. दोन खोल्या, पुढं सारवलेलं अंगण, एका बाजूला शेळ्यांचा वाडगा आणि लिंबाखाली एक लाल कंधारी गाय. गाभण, पोट दोन्ही बाजूंना आलेली. मावशीचे यजमान, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, चाळीसेक शेळ्या राखतात. त्यांचा मुलगा आणि सून सहा महिने ऊसतोडीला बाहेर असतात. नुकतेच परत आले होते, आणि आता सुनेच्या माहेरी गेले होते.

नाश्त्याला पहिल्या दिवशी मावशी म्हणाल्या, "आज सुशीला हाय." मी पाहुणी येणार म्हणून केस नीट केले. आली ती भिजवलेल्या मुरमुऱ्यांची, शेंगदाणे आणि हिरवी मिरची घातलेली ताटली. अश्विनीनं ही गोष्ट दुपारपर्यंत सगळ्या वर्गाला सांगितली. नाशिकला आम्ही पोहे खातो. परत आल्यापासून घरी मी सुशीलाच मागते. रात्रीच्या जेवणात येसराची आमटी असायची. भाजलेली धान्यं आणि मसाला दळून केलेलं पीठ पाण्यात कालवायचं आणि उकळायचं, की भाजी नसलेल्या दिवसातही ज्वारीची भाकरी खाली उतरते. उन्हाळ्यात भाजी नसलेले दिवसच जास्त.

झोपायचं अंगणात. मी सहा दिवसांत मावशींशी बोललेली वाक्यं मोजली असती तर बहुतेक 'हो', 'नको', 'छान झालंय' एवढीच भरली असती. पाचव्या दिवशी अश्विनी चुलतबहिणीच्या लग्नाला दिंद्रुडला गेली. जाताना म्हणाली, "दोन दिवस तुझं तू बघ. मावशी खात नाही माणसाला."

सहावा दिवस

पहाटे साडेपाचच्या सुमारास गाय व्याली. मी जागी झाले तेव्हा तात्या आणि मावशी लिंबाखाली होते आणि खाली काहीतरी ओलं, लाल हलत होतं. मी आयुष्यात पहिल्यांदा हे पाहत होते. गाय वासराला इतक्या जोरानं चाटत होती की ते उभं राहायचं आणि तिच्या जिभेनंच पडायचं.

अंग कोरडं झाल्यावर तात्यांनी वासराला उचललं, भिंतीपाशी नेऊन गोणपाटावर ठेवलं आणि दोरीनं खुंटीला बांधलं. वासरू आईकडे तोंड करून ओरडायला लागलं.

"पाजू द्या की त्याला," मावशी म्हणाल्या.

"वार पडू दे आदी."

वार म्हणजे गर्भाभोवतीचं आवरण, ज्याच्यातून पोटातल्या जिवाला आईकडून सगळं मिळतं. व्याल्यानंतर काही तासांनी वार बाहेर पडते. ती पडेपर्यंत वासराला पाजायचं नाही, आधी पाजलं तर वार आत अडकते, असं इथं पुष्कळ जण मानतात.

"गेल्या साली बी तुमी आसंच केलतं," मावशी म्हणाल्या. "वार पडायला दुपार झाली. चवथ्या दिशी हगवण लागली आन वासरू गेलं."

"ते नजर लागून गेलं."

"त्येच्या आदल्या साली?"

तात्यांनी दोरीची गाठ आवळली. मावशींनी पदर खोचला आणि वळून माझ्याकडे पाहिलं. मी पांघरूण घडी करत होते.

"सानिके, तू सांग. तू त्येच शिकाया आली हायस ना? लेकरानं थांबलं तर चालतंय का न्हाई?"

अश्विनी नव्हती. मागे भिंत होती. पण प्रश्न नेमका मला येणारा होता. आदल्या सेमिस्टरला मी त्यावर पूर्ण गुण मिळवले होते. मी म्हणाले, "आईच्या पोटात असतानाच बाळाला प्रतिपिंडं मिळतात. वारेतूनच. म्हणजे रोगाशी लढणारी… शरीराची स्वतःची औषधं. त्यामुळे थोडं थांबलं तरी चालतं."

सहा दिवसांतलं ते माझं सगळ्यात मोठं बोलणं होतं, आणि तेही मराठीतून, तेही विज्ञानाचं.

"ऐकलंस का?" तात्या मावशींना म्हणाले. "शिकलेली मान्सं बी तेच म्हनत्यात." त्यांनी काठी घेतली आणि ऊन चढायच्या आत शेळ्या माळावर काढल्या.

मावशी चूल पेटवायला गेल्या. मी जीपमध्ये बसून केजला निघाले, आणि वाटभर आपलंच वाक्य मनात पुन्हा पुन्हा म्हणून बघत होते. प्रतिपिंडं हा शब्द मला इतक्या सहज सुचला याचं मला कौतुक वाटत होतं.

दहा वाजता तास सुरू झाला. विषय होता, आईकडून मिळणारी प्रतिकारशक्ती. मॅडमनी फळ्यावर दोन चित्रं काढली, एक बाई आणि एक गाय.

"माणसाच्या बाळाला आईची प्रतिपिंडं वारेतून मिळतात," त्या म्हणाल्या. मी मान डोलावली. "गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांची वार वेगळी. तिचे थर जास्त. प्रतिपिंडं त्यातून जातच नाहीत. वासरू जन्मतं ते रिकाम्या हातानं. त्याला जे मिळायचं ते पहिल्या चिकातून, व्याल्यावरच्या पहिल्या दाट दुधातून. आणि तेही कधी? जन्मल्यावर काही तासच त्याच्या आतड्याची दारं उघडी असतात. प्रतिपिंडं अख्खीच्या अख्खी रक्तात जातात. सहा तासांनी दारं मिटायला लागतात, एक दिवसानं बंद. नंतर कितीही दूध पाजा, पोट भरेल, पण ते रक्षण मिळणार नाही."

माझ्या पुस्तकातलं बाळ माणसाचं होतं. चित्रातही माणसाचंच, गुलाबी गालांचं. पुस्तक चुकलं नव्हतं. मी त्या चित्रातलं बाळ उचलून नांदूरघाटच्या लिंबाखाली ठेवलं होतं.

घड्याळात दहा चाळीस झाले होते. मी तात्यांना फोन लावला. माळावर रेंज नसते. मावशींकडे फोन नाही. अश्विनीचा फोन लग्नाच्या बँडमध्ये वाजून बंद झाला. आता उरलं होतं ते फक्त उठून उभं राहणं.

मी उठले. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला आणि सतरा माणसांनी माझ्याकडे पाहिलं.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, मी सकाळी चुकीचं सांगून आलेय." पुढचं मी एका दमात सांगितलं: गाय, वार, तात्या, माझं उत्तर.

कुणीतरी मागून हसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "किती वाजता व्याली?"

"साडेपाचला."

"मग इथं काय करतेस?" मी दाराशी पोचले तेव्हा त्यांनी हाक मारली. "आणि ऐक. वासरानं सड ओढले की गायीचं गर्भाशय आकसतं. वार पडायला मदतच होते, अडकत नाही. हे आधी सांग. बाकीचं नंतर."

जीप

केजच्या चौकात नांदूरघाटची काळीपिवळी जीप उभी होती. आत चार माणसं: पुढच्या सीटवर रुमाल बांधलेला म्हातारा, मागे भांड्यांची पिशवी घेतलेली बाई आणि दोन पुरुष. ड्रायव्हर चहाच्या टपरीशी.

"कधी निघणार?" मी विचारलं.

"भरली की."

"अजून किती लोक लागतील?"

"धा बसत्यात. बारा बी बसत्यात."

ऊन इतकं होतं की बाहेर कुणी माणूसच नव्हतं, मग भरणार कशी? मी बसले. पाच मिनिटं गेली. इंग्रजीत मनातल्या मनात वाक्य तयार करून ते मराठीत आणायला अजून एक मिनिट गेलं. मग ते तसंच सोडून मी म्हणाले, "लवकर निघता येईल का? वासराला चीक पाजायचाय."

ड्रायव्हरनं कप खाली ठेवला. "तुमाला?"

"म्हणजे मावशी पाजतील. गाय सकाळी व्यालीय."

"कुनाची गाय?"

"तात्यांची. माळाकडचे. शेळ्यांवाले."

"तात्याची लाल गाय व्याली का?" म्हातारबाबा मागे वळले. "कालवड का खोंड?"

मला माहीत नव्हतं. सकाळी मी ते पाहिलंच नव्हतं.

"आन तिथं तात्याची मंडळी हाय की," मागची बाई म्हणाली. "तुमी कावून पळताव?"

"मी त्यांना सकाळी थांबायला सांगितलं. ते चुकीचं होतं. थांबलं तर वासरू आजारी पडेल. सहा तासांच्या आत पाजायला हवं आणि आता साडेपाच तास होऊन गेले."

मागचे दोघं पुरुष हसायला लागले. "आपन वार पडायची वाट बघतो बे," एक जण दुसऱ्याला म्हणाला, "आन बाई म्हनत्यात थांबू नका."

"तुझी वासरं जगत्यात का?" म्हाताऱ्यानं वळून विचारलं.

"जगत्यात. काई जात्यात."

"मग हसू नको." म्हाताऱ्यानं ड्रायव्हरकडे पाहिलं. "हान की बे गाडी. मान्सं वाटंत मिळतील. वासरू मिळायचं न्हाई."

गाडी निघाली. वाटेत खरंच चौघं मिळाले, आणि प्रत्येक थांब्यावर ड्रायव्हर नव्या माणसाला माझी सगळी गोष्ट सांगत होता. तिसऱ्या वेळी ती माझ्यापेक्षा चांगली सांगितली गेली. शेवटी गाय, वासरू आणि मी यांच्यातला मीच सगळ्यात लहान भाग उरले. मला ते बरं वाटलं. उतरताना त्या बाईनं खिडकीतून विचारलं, "आमची म्हस म्हैन्यानं व्येनार हाय. म्हशीचं बी तसंच का?"

"तसंच," मी म्हणाले, आणि धावले.

लिंबाखाली

वासरू गोणपाटावर मान टाकून पडलं होतं. ओरडत नव्हतं. गाय उभी होती, वार पडलेली नव्हती. स्वयंपाकघरातून गुळाचा आणि वाफेचा वास येत होता. मावशी चुलीपाशी झाकण उचलून बघत होत्या.

"लवकर सुटली व्हय शाळा? बस. खरवस लावलाय तुज्यासाटी. पयल्या चिकाचा. तुमच्या नाशकात आसा मिळायचा न्हाई."

नाशिकला खरवस डेअरीतून प्लॅस्टिकच्या डब्यात येतो. तो कुणाच्या वाट्याचा असतो हे आम्ही कधी विचारलं नव्हतं. इथं त्याचा धनी दहा पावलांवर पडला होता, आणि त्याचं पहिलं संरक्षण माझ्या पाहुणचारासाठी गुळात शिजत होतं.

"मावशी," मी म्हणाले, "सकाळी मी चुकीचं सांगितलं. माणसाच्या बाळाला पोटात मिळतं. वासराला नाही मिळत. त्याला फक्त चिकातून मिळतं, आणि ते लवकरच पाजावं लागतं. आत्ता. वार अडकत नाही त्यानं. उलट लवकर पडते."

मावशींनी झाकण खाली ठेवलं. पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि खुंटीची गाठ सोडायला वाकल्या.

"पण चीक तर सगळा…" मी चुलीकडे बघितलं.

"दोनच सडांचा काडला. दोन सोडल्यात."

"का?"

"मला पटलंच न्हवतं तुजं." गाठ सुटली. "तू बोलताना खाली बगत हुतीस. खरं बोलनारं मानूस खाली बगतं व्हय?"

"मी नेहमीच खाली बघते."

मावशींनी मान वर करून मला नीट न्याहाळलं. "ते बी खरं हाय," त्या म्हणाल्या. "धर त्याला."

मी धरलं. वासराचं अंग उन्हानं गरम होतं आणि बरगड्या हाताला लागत होत्या. ती कालवड होती. या वेळी मी आधी ते पाहून घेतलं. दोघींनी मिळून तिला आईपाशी नेलं. पण ती तोंड लावेना. सड तोंडात दिला तर तसाच सुटायचा. मावशींनी वाटीत थोडा चीक काढला. हळदीसारखा पिवळा आणि इतका दाट की वाटी कलती केली तरी सावकाश वळायचा. त्यात दोन बोटं बुडवून त्यांनी कालवडीच्या तोंडात घातली. काही नाही. पुन्हा बुडवली. मी जबडा वर धरून होते आणि कधी एकदा घोट उतरतो याची वाट बघत होते. घड्याळ बघायला हात मोकळा नव्हता, आणि ते बरंच झालं.

चौथ्यांदा बोटं ओढली गेली. मावशींनी बोटं हळूहळू सडाकडे सरकवली आणि मध्येच काढून घेतली. कालवड फसली. मग एकदम तिनं आईच्या कासेला डोक्यानं ढुशी दिली, आणि शेपूट हलायला लागलं.

"एक," मावशी मोजायला लागल्या. "दोन. तीन." दहापर्यंत मोजून त्यांनी मोजणं सोडलं.

तेवढ्यात शेळ्यांच्या घंट्या वाजल्या. दुपारच्या विसाव्याला तात्या कळप घेऊन परत आले. अंगणात येऊन थांबले.

"कुनी सोडलं वासरू?"

"मी," मावशी म्हणाल्या.

"मी सांगितलं," मी म्हणाले.

"सकाळी तर तू म्हनलीस थांबलं तरी चालतंय."

"सकाळी मी चुकले."

"मंजी सकाळचं शिक्षान येगळं आन दुपारचं येगळं." तात्यांनी काठी भिंतीला टेकवली. "संध्याकाळी तिसरं आनशील."

टोमणा बरोबर होता. एरवी मी तिथंच गप्प झाले असते. पण मावशी कालवडीच्या पाठीवरून हात फिरवत, वर न बघता म्हणाल्या, "माळावर शेळी व्याली तर तुमी वार पडायची वाट बगता का? करडू लगीच लुचतंय की."

"शेळीचं येगळं."

"काय येगळं?"

तात्यांनी माठातून पाणी घेतलं. मग मलाच एक प्रश्न सुचला, आणि मी तो विचारला. "तात्या, माळावर जन्मलेली करडं हगवणीनं किती जातात?"

हा प्रश्न त्यांच्या धंद्यातला होता. त्यांनी तो माझ्यापेक्षा गंभीरपणे घेतला. लिंबाला टेकून बसले आणि आठवून म्हणाले, "एखांदं जातंय. लई न्हाई. वाडग्यात व्यालेल्यांची जास्ती जात्यात. तिथं आपन बाजूला काडून ठिवतो ना पिल्लू. माळावरची करडं दांडगी आसत्यात. आमी म्हनतो मोकळ्या हवेची."

आमच्या प्रयोगशाळेत दोन गट करतात. एकाला द्यायचं, दुसऱ्याला नाही, आणि मग मोजायचं. तात्यांच्या माळावर आणि वाडग्यात तो प्रयोग कित्येक वर्षं चालू होता, फक्त त्याचं श्रेय हवा घेत होती.

"ती हवा नाही, तात्या," मी म्हणाले. "चीक आहे. माळावर तुम्ही शेळीच्या मागं लांब असता, म्हणून करडू आधी पितं."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कळपाकडे. बराच वेळ एका काळ्या शेळीकडे बघत राहिले. बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होते.

तीनच्या सुमाराला वार पडली. तात्यांनी ती घमेल्यात घालून लांब नेऊन पुरली. येताना एवढंच म्हणाले, "पडली."

मावशींनी खरवस माझ्यापुढं ठेवला. मी नको म्हणाले.

"खा. शिजलेला तिच्या उपेगाचा न्हाई. आन पुडच्या खेपंला आसा करनार न्हाई, तवा आत्ताच खाऊन घे."

मऊ, काळपट, गुळाच्या वासाचा. मी सगळा खाल्ला.

उरलेले दिवस

अश्विनी परत आली ती सगळं ऐकूनच. जीपवाल्यानं दिंद्रुडपर्यंत बातमी पोचवली होती. "दोन दिवस सोडून गेले, तर तू अख्ख्या गाडीत भाषण केलंस," ती म्हणाली. "आता माझं काय काम?"

वर्गात आम्ही आगरच्या, म्हणजे जेलीसारख्या पदार्थाच्या, पातळ थरात दोन खळगे केले. एकात प्रतिपिंडं घातली, दुसऱ्यात ती ज्याच्याशी लढतात तो पदार्थ. दुसऱ्या दिवशी दोघांच्या मधोमध एक पांढरी रेघ उमटली, केसाएवढी. दोघं चालत येऊन जिथं भेटले ती जागा. मी ती मोबाइलवर काढून मावशींना दाखवली. त्यांनी ती निरखून पाहिली आणि विचारलं, "चिकातलं हेच का?" मी हो म्हणाले, आणि वर बघून म्हणाले.

जन्मल्यावर चौथ्या दिवशी कालवडीला हगवण लागली.

सकाळी मावशींनी मला हात धरून नेलं आणि दाखवलं. तात्या लांब उभे होते. त्यांनी टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. मी मॅडमना फोन केला. हगवण लागणारच नाही असं चीक वचन देत नाही, त्या म्हणाल्या. लागली तर झुंजायचं बळ देतो. दूध चालू ठेवा, मधल्या वेळी उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ-गूळ घालून पाजा, सुस्त झाली तर मला लगेच कळवा. त्या दिवशी मी केजला गेले नाही. दिवसभर आम्ही दोघी आळीपाळीनं तिला बाटलीनं पाणी पाजत होतो. संध्याकाळी ती उभी राहायला कंटाळली, आणि मावशींनी मागच्या वर्षीच्या वासराचं नाव घेतलं. त्याला नाव होतं हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दूध मागून घेतलं. दुपारी शेण घट्ट झालं. तिसऱ्या दिवशी ती अंगणात शेपूट वर करून इतकी उधळली की शेळ्या बिचकल्या आणि तात्या हसले.

"बगितलंस?" मावशी म्हणाल्या.

मला खरं ते सांगणं भाग होतं. "मावशी, एका वासरावरून सिद्ध होत नाही. ही तशीही जगली असती कदाचित."

"मंजी आता दुसरं वासरू उपाशी ठिवून बगू म्हनतीस व्हय?"



निघताना

पंधराव्या दिवशी दुपारी माझी बस होती. बॅग भरून अंगणात ठेवली होती आणि मावशी बाजरीच्या वाळवलेल्या खारोड्या पिशवीत बांधून देत होत्या, तेव्हा शेजारच्या शेवंताबाई आल्या. त्यांची गाय आज-उद्या व्यायला झाली होती. त्यांनी मला विचारलं नाही. त्या सरळ मावशींसमोर बसल्या.

"जने, तू म्हनं वार पडायच्या आदी पाजलंस?"

"पाजलं. जन्मून आंग वाळलं की पाजायचं. पयल्यांदा लेकराचं पोट भरू द्यायचं. मग आपलं खरवस-बिरवस." मावशी पिशवीला गाठ मारत बोलत होत्या, जणू हे त्यांना जन्मापासून ठाऊक होतं. "वासरू लुचलं की वार आपसूक पडती. आन दुसऱ्या दिशी पाजून उपेग न्हाई. दारं बंद व्हत्यात."

"कसली दारं?"

"आतड्याची."

शेवंताबाईंनी ते थोडं तोंडात घोळवलं. "कुनी सांगितलं तुला?"

"हिनं." मावशींनी हनुवटीनं माझ्याकडे खूण केली. "आदी चुकीचं सांगितलं. मग शाळा सोडून पळत येऊन बरोबर सांगितलं."

शेवंताबाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. माझी बॅग पाहिली. "आन हे बी चुकलं आसंल तर?"

मी तोंड उघडणार होते. मावशींनी पिशवी माझ्या हातात दिली.

"मंग परत येईल की ती," त्या म्हणाल्या.